सप्रेम भेट, सांता फे रेल्वेकडून

भांड्यावर नाव घालण्यामागे एक भोळी श्रद्धा असते. नाव असलं की भांडं कुठेही गेलं तरी वळून घरी येईल, ही ती श्रद्धा. मराठी घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ‘चि. अमुकच्या मुंजीनिमित्त तमुककडून सप्रेम भेट’, खाली तारीख, जागा उरलीच तर गाव. भांड्यांच्या दुकानातला तो मशीनवाला टर्रर्र करत एवढा मजकूर घालतो की डाव वाचून होईपर्यंत आमटी निवावी. आणि एवढं करून काय होतं? माझ्या स्वयंपाकघरात आज किमान चार घराण्यांची नावं सुखानं नांदत आहेत आणि त्यांतल्या एकाशीही आमची सोयरीक नाही. आमची पातेली त्या चौघांकडे असणार. नाव घातलेलं भांडं परत येतं हे खरं आहे. ते आपलंच असेल याची मात्र हमी नाही.

अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी हाच प्रयोग मोठं भांडवल घालून केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या गाड्यांना डायनिंग कार लागू लागल्या. जॉर्ज पुलमनच्या कंपनीनं १८६८ मध्ये ‘डेल्मोनिको’ नावाचा डबा काढला आणि धावत्या गाडीत टेबलाशी बसून, चमच्या-काट्यानं, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण्याची प्रथा पडली. पुढे प्रत्येक कंपनीनं आपापले काटे, चमचे, सुऱ्या, किटल्या आणि ताटल्या बनवून घेतल्या आणि प्रत्येकावर आपलं नाव किंवा आद्याक्षरं घातली. हेतू स्वच्छ होता. प्रवाशानं जेवावं, तोंड पुसावं आणि हात हलवत उतरावं. प्रवासी जेवले, त्यांनी तोंडं पुसली आणि चमचे खिशात घालून ते उतरले. बिननावाचा चमचा हा नुसता चमचा असतो. नाव घातलेला चमचा ही प्रवासाची आठवण असते. कंपन्यांनी स्वतःच्या खर्चानं चोराला कारण पुरवलं.

हे सगळं मला न्यू जर्सीतल्या माझ्या मामामुळे कळलं. निवृत्त झाल्यावर तिकडची काही मराठी माणसं गोल्फ खेळतात, काही ज्ञानेश्वरीचे वर्ग घेतात. मामा रेल्वेची जेवणाची भांडी जमवतो. त्याच्या घरी एक काचेचं कपाट आहे. त्यात अशा ताटल्या आहेत ज्यांत कुणी जेवायचं नाही, अशा किटल्या आहेत ज्यांत चहा करायचा नाही, आणि एक चांदीचा मुलामा दिलेला चिमटा आहे. तो साखरेच्या वड्यांसाठी आहे, हे कळायला मला बराच वेळ लागला. मी आधी तो वैद्यकीय समजून आदरानं खाली ठेवला होता.

जमवणाऱ्यांच्या या जगात वर्णव्यवस्था आहे. कंपनीचं नाव ताटलीच्या दर्शनी बाजूला असेल तर ती ‘टॉपमार्क’, म्हणजे उच्चकुलीन. नाव पाठीमागे असेल तर ‘बॅकस्टॅम्प’, म्हणजे घराणं चांगलं पण थोडं उतरलेलं. नावच नसेल तर मग कितीही सुंदर असो, तिला कुणी विचारत नाही. त्यामुळे वस्तू दिसली की ती उलटी करून पाहण्याची सवय या लोकांना जडते. मामाला ती कायमची जडली आहे. कुणाच्या घरी गेला की तो आधी बशी उलटी करतो, मग यजमानांची चौकशी करतो. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात त्यानं एकदा सवयीनं ताट उचलून खालून पाहिलं. ताट कागदाचं होतं आणि त्यात मसालेभात होता. शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या रेशमी झब्ब्यावर तो बॅकस्टॅम्प अजून आहे म्हणतात.

मामाच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या खालोखाल मान आहे तो फ्रेड हार्वे यांना. हे गृहस्थ मूळचे इंग्लंडचे. किशोरवयात अमेरिकेत आले, भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि रेल्वेच्या नोकरीत फिरता फिरता रेल्वेच्या प्रवाशाला काय खावं लागतं ते त्यांनी स्वतःच्या पोटावर अनुभवलं. त्या काळी गाडी जेवणासाठी जेमतेम वीस-तीस मिनिटं थांबायची. स्टेशनावरचा खानावळवाला आधी पैसे घ्यायचा, मग अन्न इतक्या सावकाश आणायचा की पहिला घास तोंडाशी येताच इंजिनाची शिट्टी व्हायची. प्रवासी धावत सुटायचे आणि तेच ताट पुढच्या गाडीला वाढलं जायचं. एका ताटावर तीन गाड्या काढणाऱ्या या माणसांची नावं इतिहासानं जपली नाहीत, हा व्यवस्थापनशास्त्राचा तोटा आहे.

हार्वे यांनी १८७६ मध्ये कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथे सांता फे रेल्वेच्या स्टेशनावर पहिलं उपाहारगृह चालवायला घेतलं. गाडीतल्या माणसांची मोजदाद तारेनं आधी कळायची. गाडी शिरताच पहिला पदार्थ टेबलावर तयार असायचा. पुढे तर वाळवंटाच्या मधोमध, जिथे पाणीसुद्धा गाडीनं आणावं लागे, तिथे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणि लखलखीत काटे-चमचे. १८८३ पासून त्यांनी वाढायला तरुण मुली नेमल्या, त्याच पुढे ‘हार्वे गर्ल्स’ म्हणून गाजल्या. काळा पोशाख, पांढरा एप्रन, वसतिगृह, रात्री वेळेवर परतण्याची सक्ती आणि करार संपेपर्यंत लग्न करायचं नाही अशी अट. तरी त्यातल्या कितीतरी जणींनी प्रवाशांशी, पशुपालकांशी आणि रेल्वेच्याच माणसांशी लग्नं केली. म्हणजे हार्वे यांच्या टेबलावरून चमचेच गेले असं नाही, वाढणाऱ्याही गेल्या. त्यांच्यावरही गणवेशाच्या रूपानं कंपनीचा शिक्का होताच.

पेयाची पद्धत तर मला फार आवडली. एक मुलगी येऊन कोणाला काय हवं ते विचारायची आणि त्याप्रमाणे समोरच्या कपाची बैठक बदलायची. कप बशीत सरळ असेल तर कॉफी, पालथा असेल तर गरम चहा, पालथा आणि बशीला टेकून तिरका असेल तर गार चहा, पालथा आणि बशीपासून दूर असेल तर दूध. मागून येणारी दुसरी मुलगी एक शब्द न बोलता अचूक पेय ओतायची. प्रवाशाला जादू वाटायची. मामानं ही पद्धत घरी सुरू केली. मामीनं पहिल्याच सकाळी सगळे कप पालथे घातले आणि सिंकशेजारी ठेवून दिले. त्याचा अर्थ हार्वे यांच्या संहितेत नाही, पण मामाला लगेच कळला.

हार्वे यांच्या भोजनगृहात पुरुषानं कोट घातल्याशिवाय बसायचं नाही असाही नियम होता. कोट नसेल त्याला तिथला एक काळा कोट उसना मिळायचा. ओक्लाहोमात कुणीतरी याविरुद्ध तक्रार केली, सरकारी आयोगानं नियम रद्द केला आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९२४ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की कोट मागायचा हार्वे कंपनीला हक्क आहे. लक्षात घ्या, कोट घालायला लावला हीच मोठी चूक झाली. कोटाला आतून खिसे असतात.

आता या भांड्यांतल्या चांदीबद्दल. मी कपाटापुढे उभी राहून ‘एवढी चांदी!’ म्हटल्यावर मामाचा चेहरा गंभीर झाला. किटल्यांच्या बुडाशी ‘सिल्व्हर सोल्डर्ड’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की सांधे चांदीच्या डागानं जोडले आहेत. बाकी सगळा देह तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाचा. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तोच धातू, वरून चांदीचा मुलामा. कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावची इंटरनॅशनल सिल्व्हर, मॅसॅच्युसेट्समधली रीड अँड बार्टन अशा कंपन्यांनी ही भांडी घडवली. ती मुद्दाम जाड आणि जड केली जायची, कारण गाडी वळणावर कलली, आचके खाऊ लागली आणि घासणाऱ्यानं आदळली तरी टिकायला हवीत. ‘म्हणजे गहाण ठेवायच्याही कामाची नाहीत,’ मामीनं एका वाक्यात ताळेबंद मांडला.

मुलामा असल्यामुळे ही भांडी घासायचीही एक आचारसंहिता आहे. जास्त घासली तर चांदी जाते आणि खालचा पिवळट धातू डोकावतो. म्हणून जमवणारे ती मऊ फडक्यानं, श्वास रोखून, क्वचित पुसतात. मामीला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका दिवाळीत निरांजनं आणि तबक उजळता उजळता तिनं दंतमंजन लावून पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा क्रीमचा चंबूही उजळून टाकला. तो इतका चकचकीत झाला की कंपनीची आद्याक्षरं जवळजवळ दिसेनाशी झाली. नाव गेलं म्हणजे गोत्र गेलं. त्या दिवसापासून तो चंबू कपाटातून हद्दपार आहे आणि त्याच्यात साजूक तूप असतं. एवढ्या वर्षांत त्या कपाटातून उपयोगाची झालेली ती एकमेव वस्तू.

ताटल्यांची गोष्ट निराळी. तिथे मामालाच काय, मलाही मोह झाला. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनं १९२७ मध्ये शंभरी साजरी केली तेव्हा निळ्या रंगाचा एक संच काढला. मध्यभागी मार्गावरची निसर्गदृश्यं आणि काठावर शंभर वर्षांतली इंजिनं एकामागून एक गोल फिरत असलेली. या निळ्या ताटल्यांची रचना ऑलिव्ह डेनिस या स्थापत्य अभियंता बाईंची. प्रवाशाच्या सोयी सुधारायचं काम कंपनीनं त्यांना दिलं होतं. ताटल्या बनल्या न्यू जर्सीतल्या ट्रेंटन गावात. तिथल्या पुलावर आजही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स’. ट्रेंटन बनवतं आणि जग घेतं. जगानं ते फार मनावर घेतलं. लोकलनं त्या पुलाजवळून जाताना मामा दरवेळी हात जोडतो. डब्यातले लोक त्याला नदीभक्त समजतात.

पण कपाटातलं खरं रत्न म्हणजे ‘मिम्ब्रेन्यो’ची ताटली. सांता फे रेल्वेनं १९३६ मध्ये शिकागो ते लॉस एंजेलिस ‘सुपर चीफ’ ही दिमाखदार गाडी सुरू केली. तिच्या ताटल्यांची नक्षी मेरी कोल्टर या वास्तुविशारद बाईंनी योजली. ग्रँड कॅन्यनच्या काठावरच्या काही नामांकित इमारती याच बाईंच्या. त्यांनी नक्षी घेतली ती न्यू मेक्सिकोत सुमारे हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या मिम्ब्रेस लोकांच्या मातीच्या वाडग्यांवरून. मासे, पक्षी, ससे, किडे, सगळे दोन-चार रेषांत जिवंत. ताटलीच्या पाठीवर छापलेलं असतं की ही खास सांता फेच्या डायनिंग कारसाठी बनवली आहे. थोडक्यात, तुमच्या घरासाठी नाही.

इथे मला एक विलक्षण गोष्ट कळली. मिम्ब्रेस लोक मेलेल्या माणसाबरोबर वाडगा पुरायचे, बहुधा त्याच्या चेहऱ्यावर पालथा घालून, आणि पुरण्याआधी वाडग्याच्या बुडाला भोक पाडायचे. त्यामागचा भाव काहीही असो, भांडं चोरीला जाऊ नये म्हणून याहून पक्का बंदोबस्त मला सुचत नाही. भोकाचा वाडगा नेऊन कोण काय करणार? आमटीसुद्धा वाढता येत नाही. तर विसाव्या शतकात लुटारूंनी बुलडोझर लावून त्या वस्त्या उकरल्या आणि भोकांसकट वाडगे विकले. घेणारे भोक आहे ना, हे तपासून घेत असणार. भोक हाच त्यांचा टॉपमार्क. रेल्वेनं त्याच वाडग्यांची नक्षी उचलली आणि प्रवाशांनी रेल्वेच्या ताटल्या. एकूण या व्यवहारात सर्वात सज्जन मिम्ब्रेस ठरले. त्यांनी कुणाचं काही नेलं नाही आणि आपलं मात्र जमिनीत नीट ठेवलं.

भांड्यांचं कपाट भरलं की जमवणारा हॉटेलांकडे वळतो. तिकडच्या रेल्वे कंपन्यांनी प्रवासी यावेत म्हणून डोंगरदऱ्यांत टोलेजंग हॉटेलं बांधली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचं बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल १८८८ मध्ये उघडलं. बांधकाम चालू असताना कंपनीचे साहेब पाहायला गेले तेव्हा त्यांना कळलं की इमारत उलटी बसवली गेली आहे. नदीचं आणि दरीचं स्वर्गीय दृश्य दिसत होतं ते स्वयंपाकघरातून. पाहुण्यांच्या वाट्याला मागचं जंगल. साहेबांनी आकांडतांडव करून दृश्य पाहायला वेगळा मंडप बांधून घेतला. जगाच्या इतिहासात स्वयंपाक करणाऱ्यांना खिडकीजवळची जागा मिळाली ती ही एकदाच आणि तीही चुकून. मामीला हा किस्सा मामाच्या संपूर्ण छंदातला एकमेव वाचनीय भाग वाटतो.

या हॉटेलांतलं जे जे उचलता येईल ते ते आज संग्राह्य आहे. सामानावर चिकटवायची रंगीत लेबलं, मेनूकार्डं, काडेपेट्या, राखदाण्या, लाकडी हँगर, ‘कृपया त्रास देऊ नये’ची पाटी. चाव्या तर पोत्यानं मिळतात. पूर्वी अमेरिकेत हॉटेलच्या चावीच्या बिल्ल्यावर लिहिलेलं असायचं की चुकून बरोबर आली तर कुठल्याही टपालपेटीत टाका, पोस्टाचा खर्च आम्ही देऊ. इतकी सोय करूनही त्या हजारो चाव्या लोकांच्या खणांत राहिल्या. मामाकडे अशा हॉटेलांच्या चाव्या आहेत ज्यांची दारं केव्हाच जळणात गेली. मामाच्या स्वतःच्या घराची चावी मात्र त्याला रोज शोधावी लागते.

जिथे नावाला किंमत, तिथे नाव घालून देणारे आलेच. कुठल्याही साध्या हॉटेली चमच्यावर दोन-तीन आद्याक्षरं कोरली की तो एकदम रेल्वेत नोकरीला होता असं ठरतं. काही वस्तू तर अशा आहेत की त्या मूळच्या कधी अस्तित्वातच नव्हत्या. रेल्वे कंपन्यांची नावं मिरवणाऱ्या पितळी पिकदाण्या बाजारात इतक्या आहेत की त्या सगळ्या खऱ्या मानल्या तर त्या काळी गाडीत थुंकण्याखेरीज कुणी काही करत नव्हतं असं मानावं लागेल. म्हणून जाणकार झिजेवरून खरं-खोटं ओळखतात. चमचा झिजला पण त्यावरची अक्षरं कोरी करकरीत राहिली, तर समजावं की चमचा म्हातारा आहे आणि नाव कालचं आहे.

मामाच्या या वेडाचं मूळ मात्र अमेरिकेत नाही. तो तरुणपणी पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी डेक्कन क्वीननं जायचा. १ जून १९३० ला सुरू झालेल्या या गाडीला डायनिंग कार आहे आणि तिथलं चीज टोस्ट आणि कटलेट यांविषयी पासधारक अजून घरच्या माणसांसारखं बोलतात. मी भारतातून निघाले की मामाची यादी येते. चोरबाजारात जुन्या जीआयपी रेल्वेची कपबशी मिळते का बघ, रिटायरिंग रूमचा जुना बिल्ला बघ. गेल्या खेपेला त्यानं मागितला तो आपल्या गाड्यांच्या शौचालयातला मग. साखळीसकट. ‘साखळी नसेल तर आणू नकोस, अगं, साखळी हाच त्याचा बॅकस्टॅम्प,’ असं त्यानं दोनदा बजावलं.

विचार केला तर मामाचं खरं आहे. अमेरिकन रेल्वेनं प्रवाशाच्या लाजेवर विश्वास ठेवला, म्हणून नाव घातलं. आपल्या रेल्वेनं लोखंडावर विश्वास ठेवला, म्हणून साखळी घातली. जिथे साखळी लावता येत नाही तिथे काय होतं याचाही हिशेब आहे. एकट्या पश्चिम रेल्वेतून २०१७-१८ या वर्षात सुमारे १ लाख ९५ हजार टॉवेल आणि ८१ हजारांवर चादरी नाहीशा झाल्याची आकडेवारी प्रसिद्ध झाली होती. त्याच यादीत हजारो उशाही होत्या. टॉवेल समजू शकते. उशी घेऊन फलाटावरून सरळ चेहऱ्यानं चालत जाणाऱ्याला मात्र मानलं पाहिजे.

अमेरिकेत १ मे १९७१ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या ‘ॲमट्रॅक’ या एकाच कंपनीकडे गेल्या आणि जुन्या कंपन्यांची भांडी लिलावांत, दुकानांत, तळघरांत पसरली. ती पुढे मामासारख्यांच्या कपाटात आली. आता प्रवासात मिळतो तो प्लॅस्टिकचा काटा. त्यावर नाव नसतं आणि तो कुणी नेत नाही. व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीनं मात्र माणसाचा स्वभाव ओळखला. त्यांच्या विमानाच्या आकाराच्या मीठदाण्या लोक सर्रास उचलतात असं दिसल्यावर कंपनीनं त्या मीठदाण्यांच्या पायाशी छापून टाकलं, ‘व्हर्जिन अटलांटिकमधून ढापलेली’. शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतर नाव घालण्याचा हेतू एकदाचा प्रामाणिकपणे लिहिला गेला.

मामेभावाला यातलं काही नको आहे. त्याच्या घरात दोन चमचे आहेत आणि त्यांतला एक पाहुण्यांसाठी. तेव्हा मामीनं यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाहीर केलं की सांता फेचे जास्तीचे चमचे ती वाण म्हणून देणार. मामा दोन दिवस जेवला नाही, मग ‘फक्त बॅकस्टॅम्पवाले’ या अटीवर तयार झाला. समारंभ झाला. बायकांनी वाण घेतलं आणि मंडळाच्या खजिनदारबाईंनी चमचा उलटा करून पाहिला. ‘याचा काटा कुठे मिळेल हो?’ त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत मामाला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यानं त्यांना सोफ्यावर बसवून झीज, मुलामा, खोटी अक्षरं, विश्वासू विक्रेते, लिलावांच्या तारखा आणि बोली नेमकी केव्हा लावावी हे सगळं सांगितलं. तिळगूळ दोनदा फिरला.

पुढच्याच महिन्यात ज्या निळ्या सॉसपात्रावर मामाचा कित्येक वर्षं डोळा होता ते लिलावात आलं आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी किरकोळ फरकानं पळवलं. आठवड्याभरानं ते खजिनदारबाईंच्या दिवाणखान्यात दिसलं. ‘तुम्हीच शिकवलंत ना, शेवटच्या मिनिटाला बोली लावावी म्हणून?’ मामी म्हणाली. मामा काही बोलला नाही. पण ज्या माणसानं आजवर मंडळाच्या वार्षिक सभेत बटाटेवड्यापलीकडे कशात रस घेतला नव्हता, त्यानं यंदा उभं राहून जमाखर्चावर सलग अकरा प्रश्न विचारले.